बाटली रिकामी परत करू नये

अण्णा, तुमची बाटली इस्तंबूलला नेऊन आलो. मी, आक्का आणि धाकटा. तिघं एकत्र एवढं लांब कधी गेलो नव्हतो. लहानपणी फार तर धारूरचा किल्ला, तोही तुम्ही पुढे आणि आम्ही रांगेत मागे. इस्तंबूलला धाकटा चहाच्या एवढ्याशा पेल्याचे फोटो काढत बसला, आणि नऊवारीखाली बूट घातलेली आक्का शहराच्या जुन्या तटापुढं कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आपल्या किल्ल्याला काय धाड भरलीय? हितं तिकीट लावलंय म्हणून लोक येतेत." पण तिला तट बघायचाच नव्हता. पहिल्या दिवसापासून तिचं एकच टुमणं. "अण्णांचं पाणी कुठं हाय?"

दुष्काळाचं ते साल तुम्ही विसरला नसाल. जनावरं छावणीत, माणसं टँकरच्या रांगेत आणि साखर कारखान्याचे तुम्ही संचालक विमानात. ऊसच नाही म्हटल्यावर धुराडं गार आणि संचालकांना वेळच वेळ. ठिबक सिंचनाचा अभ्यास करायला गेलात आणि परतीच्या वाटेवर दोन दिवस इस्तंबूलला उतरलात. बाकीच्यांनी घड्याळं आणली, अत्तरं आणली. तुम्ही पाण्याची बाटली आणली. पेलाभर पाणी, निळसर काचेत. पारावर बसून तुम्ही सांगताय, "शहराच्या पोटात महाल हाय बघा. खांबच खांब, आन खाली पाणी. मासे बी हायेत. एका खांबाखाली बाईचं मुंडकं ठिवलंय, त्ये बी उलटं." कोपऱ्यातून कुणीतरी विचारतं, "अण्णा, विमानात प्यायला काय काय देतेत?" पार हसतो. मीही हसतो. तुम्ही हसत नाही. "त्या लोकांनी पाणी झाकून ठिवलं, आपण उघडं टाकलं," एवढंच म्हणता. दुसऱ्या दिवशी आईनं हळदीकुंकू वाहून ते पाणी गावच्या आडात ओतलं, आणि तुम्ही चार माणसं लावून आड उपसायला घेतला. गाळ काढला, वर झाकण बसवलं. लोक म्हणाले, परदेशात जाऊन हेच शिकला का?

लोक नुसतं म्हणाले. मी लिहिलं. बीडच्या साप्ताहिकात तेव्हा नुकताच छापून यायला लागलो होतो, आणि घरातलंच गिऱ्हाईक सापडल्यावर लेखणी थांबेल कशी? 'गावाला टँकर मिळेना, म्हणून आमच्या तीर्थरूपांनी जमिनीखालचा महाल बघून घेतला' अशी सुरुवात होती. उलट्या मुंडक्यावर तर मी अख्खा परिच्छेद खर्च केला. असं डोकं फक्त संचालक मंडळाच्या बैठकीतच सापडतं, असं काहीतरी. गाजला लेख. इतका, की कारखान्याच्या पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी त्याच्या झेरॉक्स वाटल्या आणि तुम्ही पडलात. निकालाच्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आपण समोरासमोर जेवतोय. तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणता, "लिव्हलंस झकास. पण आदी बघून यायचं व्हतं." मी लगेच, "तिकीट कोण काढणार, कारखाना?" आईनं उलथनं तव्यावर आपटलं. तुम्ही अर्ध्या भाकरीवर ताटात हात धुतले आणि उठलात. त्यानंतर तुम्ही दहा वर्षं जगलात. इस्तंबूलचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

तर मी बघून आलो. जमिनीखालच्या त्या जुन्या हौदाच्या बावन्न पायऱ्या उतरलो, डोळे अंधाराला सरावले आणि समोर खांबच खांब, त्यांच्या पायाशी पाणी. छतातून थेंब पडत होते. आत पार टोकाला खांबाखाली बाईचं मुंडकं, उलटं, तुम्ही सांगितलं तसंच. मासे तेवढे दिसेनात. खोटं कशाला सांगू, अर्धा मिनिट मला बरं वाटलं, निदान माशांची तरी थाप निघाली. तेवढ्यात धाकटा वाटाड्याला विचारून आला. मासे होते म्हणे, दुरुस्तीच्या वेळी काढले.

आक्कानं पिशवीतून तुमची बाटली काढली. आईनं तिच्यात वर्षानुवर्षं गोडंतेल ठेवलं, आईमागं ती आक्काकडं गेली. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान गुळाचा खडा तरी घालायचा, हा आईचा कायदा. म्हणून आक्कानं बाटली घासून आपल्या आडाचं पाणी भरलं आणि लुगड्यांच्या घड्यांत गुंडाळून इथवर आणलं. आम्ही काही म्हणायच्या आत ती वाकली आणि ओतलं. पहारेकरी ओरडत धावत आला. "आरं बाबा, पाणीच हाय, इख न्हाई. तुमचंच व्हतं, परत केलं," आक्का त्याला समजावतेय, आणि तो तिला त्याच्या भाषेत समजावतोय. धाकट्यानं हात जोडून मिटवलं. मग आक्कानं रिकामी बाटली माझ्या हातात दिली. लेखाबद्दल ती मला कधी एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशीही बोलली नाही. "तू भर," म्हणाली, "आड वाट बघतोय," आणि धाकट्याचा हात धरून पायऱ्या चढून गेली.

परवा तिनं ते पाणी आडात ओतलं. बाया जमल्या, हळदीकुंकू झालं. आक्का खांब सांगत होती, मुंडकं सांगत होती. एका पोरानं विचारलंच, "आत्या, विमानात प्यायला काय देतेत?" सगळे हसले. आक्का म्हणाली, "इश्वास न्हाई ना? मग याला इच्यारा. यानं सोताच्या हातानं भरलंय." सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "होय."

अण्णा, पहारेकरी माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. एकदा वाकलो, तो खाकरला, सरळ झालो. पुन्हा वाकायचा धीर झाला नाही. वर आलो, कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या नळाखाली बाटली भरली, रुमालानं पुसली आणि आक्काला दिली. तुमचं पाणी खरं होतं. खोटं मी आणलं, आणि गावानं माझ्यावर विश्वास ठेवला.

हे पत्र फाडणार आहे, आक्काच्या हाती लागायला नको. आईला सांगितलंत तरी चालेल.