आपल्या विहिरीतली पाणबुरशी

सांगली,
२८ ऑगस्ट २०२४

प्रिय भरतेशदादा,

जयजिनेंद्र. इकडे सगळं ठीक. कृष्णेचं पाणी उतरलं, प्रयोगशाळेतला पंखा पुन्हा बसला. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

तुझ्या वाईच्या नर्सरीतून तू पाठवलेली स्ट्रॉबेरीची कुजकी रोपं आठवतात? त्यांतली पाणबुरशी नवीच निघाली. जगात कुणी अजून तिची नोंद केलेली नाही. नावाला बुरशी, नातं मात्र शेवाळाशी. म्हणून तर तुझी बुरशीवरची महागडी औषधं तिला लागली नाहीत. ऐकून तू केवढा खूश! म्हणे, आप्पांचं नाव दे तिला. मुळं सडवणाऱ्या जिवाला बापाचं नाव सुचवणारा लेक विरळाच.

मग मी सांगितलं की नव्या जातीची नोंद करताना ती कुठं सापडली ते लिहावं लागतं, आणि तुझ्या विहिरीच्या पाण्यात मी तपासायला तरंगत ठेवलेल्या पानावरही तीच उगवली. तुझा आवाजच बदलला.

"कीर्ते, सातारा जिल्हा लिही की. विहीर कशाला पायजे? रोपं कोण घेईल मग?"

आणि वर, हिरवी दिसणारी रोपं रविवारी पाचगणीच्या शेतकऱ्यांकडं जाणार म्हणालास. हिरवी दिसतात रे. त्यांचीही मुळं मी कापून पाहिलीत, आत तीच आहे.

आईचे गुडघे कसे आहेत? परवा तिच्याशी बोलले. वाफ्यांचं पाणी झिरपून विहिरीत येतं, त्याबरोबर कुजक्या मुळांचे धागे. आई प्यायचं पाणी गाळते, तेव्हा ते फडक्यात अडकतात. विचारलं, त्याचं काय करतेस? म्हणाली, "काय करायचं? फडकं धुऊन परत हिरीत सोडते. जिथलं जीव तिथं. जीव हाईत बाई त्यात."

आहेत. मी सूक्ष्मदर्शकाखाली पोहताना पाहिले. ती परत सोडते तेच जीव रोपांची मुळं सडवतात. आयुष्यभर मुंगी चुकवून चाललेली बाई, तिला हे कुठल्या तोंडानं सांगू?

पण सांगेन मीच, समोर बसून. तू तिच्यावर ढकलायचं नाहीस. तिनं नकळत सोडलं. तुला आता माहीत आहे.

नोंदीत मी विहीर लिहिली आहे, गावासकट. रविवारची गाडी भरू नकोस. भरलीस तर ती घाट चढायच्या आत माझे फोन पाचगणीत त्या शेतकऱ्यांना पोचलेले असतील.

शनिवारी येते. जेवायला थांबायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी, ठेवशील तर, धाकटी बहीण
कीर्ती