पांढरी कड

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी फोटोच्या कडा पांढऱ्या करायची वेळ आली की अजून मी आधी दोनदा विचारून खात्री करते. हल्ली मोबाइलवर कुणीही चुटकीसरशी करतं ते. आपल्या तासगावच्या स्टुडिओत मात्र त्याचा कायदा होता: गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याभोवतीचं सगळं पांढऱ्यात विरघळवायचं आणि जिवंत माणसाच्या कडा काळ्या करायच्या. घरोघरी हार घातलेले तसे पांढरे फोटो टांगलेले असायचे, त्यामुळे त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नव्हता. डार्करूममध्ये तुम्ही लंबगोल भोकाचा पुठ्ठा श्वास रोखून हलवत राहायचात. मी सांगलीहून कोर्स करून आले आणि तेच कॉम्प्युटरवर करू लागले. लंबगोल आखायचा, कड किती पसरवायची तो आकडा टाकायचा, निवड उलटवायची, बाहेरचं पुसायचं. चार बटणं काय आली, मला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

त्या उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई पेटली होती. एक काकू वर्दीतल्या लेकाचा मोठा केलेला फोटो न्यायला आल्या आहेत. मी भरून ठेवलेल्या पाकिटातून तुम्ही तो काढून समोर ठेवता: चेहऱ्याभोवती सगळं पांढरं. त्यांचं तोंड पांढरंफटक पडतं. "आवं, तुमास्नी आदी कळलं व्हय? तार आली का? सांगा की!" तुम्ही फोटोकडे बघता, मग माझ्याकडे. मी कॉम्प्युटरकडे तोंड वळवते. "न्हाई वैनी, काय आलं न्हाई. माझ्या हातनं चुकलं. दिसंना झालंय आता," तुम्ही म्हणता. मग त्या तुम्हाला काय काय बोलल्या! "माझ्या पोराला काय झालं तर तुमास्नी सोडायची न्हाई," म्हणाल्या. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. त्या गेल्यावर मला एवढंच विचारलंत, "चुकून झालं न्हवं?" मी हो म्हणाले.

पुढे कितीतरी दिवस मला पेपर उघडायची भीती वाटायची. कुठल्या गावात जवानाचं पार्थिव आलं म्हटलं की मी आधी नाव विचारायची. एक बटण दाबून मी त्या पोराला मारलंय, अशी माझी खात्रीच झाली होती. काळ्या कडांचा नवा फोटो केला, तरी भीती जाईना. तुम्ही रोज सायकल काढून त्यांच्या गावाला खुशाली विचारायला जायचात. त्या दारातूनच हाकलायच्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत निघायचात.

दिवाळीला तो सुट्टीवर आला, धडधाकट. मी मोरीत जाऊन रडले. काकू मात्र आपल्या दुकानाची पायरी पुन्हा चढल्या नाहीत. तुम्ही गेलात तेव्हाही त्यांच्या घरातलं कुणी आलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? कपाटात ठेवीन. चुकून नव्हतं झालं, आबा. काळ्या कडांत तो उदास दिसत होता, पांढऱ्यात उजळला, आणि तुमचा कायदा मला जुनाट वाटला. हे तुम्हाला त्याच दिवशी सांगायचं होतं, पण त्या बाईला मी भ्याले, आणि तुमच्या आड लपले.