आठवा गडी

जुईनगर, नवी मुंबई
९ जानेवारी

प्रिय आई,

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. एक तर तुमच्याकडे रेंज येते ती फक्त विहिरीजवळ, आणि तिथे उभी राहून तू बोलायला लागलीस की माझ्या बातम्या वाडीला तुझ्याआधी कळतात. दुसरं म्हणजे मला जे सांगायचं आहे ते लांबलचक आहे आणि मध्येच तुटलेलं मला चालणार नाही. तेव्हा दुपारचं जेवण आटप, ओटीवर बस आणि हे सावकाश वाचून घे. वाचणाऱ्याने एखादी ओळ गाळली अशी शंका आली, तर खुशाल मागे जायला लाव.

ऐक. मला नाटक मिळालं आहे. या वेळी तिसऱ्या रांगेत नाचायचं नाही, की वहिनीच्या मैत्रिणीचं काम नाही. नाटकातली मुख्य मुलगी मी आहे. मिठागरात राबणाऱ्या एका मुलीची गोष्ट आहे, दोन अंकी, अर्धं बोलायचं आणि अर्धं नाचायचं. पहिला प्रयोग पंचवीस तारखेला, रविवारी दुपारी साडेचारला, वाशीच्या नाट्यगृहात. सोबत दोन तिकिटं ठेवली आहेत, दुसऱ्या रांगेतली, अगदी मधली. एक तुझं. दुसरं कोणाचं ते तुला माहीत आहे, आणि तो माणूस माझ्याशी चार वर्षं बोललेला नाही हेही माहीत आहे. तरी मी काढलं, कारण त्या खुर्चीत मला बाबा हवे आहेत. बाकीचं सगळं पत्र त्या एका खुर्चीसाठी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला उगाच घोर नको.

तू दर वेळी विचारतेस की तिथे तू दिवसभर नेमकं करतेस काय. तर सकाळी सातला सानपाड्याच्या एका सोसायटीत बायकांना नाच शिकवते. त्यांना नाचापेक्षा गुडघ्यांविषयी बोलायला जास्त आवडतं, पण मी सोडत नाही. संध्याकाळी शिरवण्याला मुलांचा क्लास. तिथल्या पाटीलकाकू नातीला सोडायला येतात आणि दारातच बसून राहतात. परवा म्हणाल्या, ‘तुजा पाय लय जड हाय गो बाय, आमची लादी फोरशील.’ मी म्हटलं, काकू, जड पायाचंच खाते मी. मधल्या वेळात ऑडिशन. पूर्वी अंधेरीपर्यंत जावं लागायचं, आता बरंचसं मोबाईलवरच होतं. माझी रूममेट रंजिता भिंतीवर चादर टाचते, मोबाईल धरते आणि समोरच्या माणसाची वाक्यं वाचते. तिने माझा नवरा, सासू, पोलीस आणि एकदा तर कुत्राही केला आहे. ती बँकेत आहे, पण आमच्या दोघींत चांगली नटी कोण, याचा मला कधी कधी संशय येतो.

नकार पुष्कळ आले. एकाने सांगितलं, चेहरा फार गावाकडचा आहे. त्याच आठवड्यात दुसऱ्याने सांगितलं, गावाकडची वाटत नाही. दोघांचे मेसेज मी रंजिताला एकाखाली एक दाखवले आणि आम्ही पोट धरून हसलो. त्या मालिकेत तीन दिवस जाऊन एक वाक्य मिळालं, ‘काकू, चहा ठेवू का?’ तू ते बघायला वाडीतल्या बायका गोळा केल्यास आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. तू फोनवर रडवेली झाली होतीस, पण खरं सांगते, मला काही वाटलं नाही. मला माझं काम येतं, आई. हे मी तोऱ्यात सांगत नाही. तुला भाकरी येते तसंच मला हे येतं, आणि ते कोणाला तरी दिसेल याची मला खात्री होती.

दिसलं ते एका चुकीमुळे. शर्मिला मॅडम म्हणून आहेत, नाटक त्यांचं आणि नाचही त्याच बसवतात. सानपाड्याच्या एका हॉलमध्ये त्यांनी बावीस मुली बोलावल्या होत्या. सगळ्यांनी घुंगरू बांधा म्हणाल्या. मीही बांधले आणि उभी राहिले. शेजारची मुलगी खुदकन हसली, मग तिच्या पलीकडची. मॅडमनी माझ्या पायांकडे बघून विचारलं, ‘दुसरा पाय घरी राहिला का?’ खाली बघते तर मी एकाच पायात बांधले होते, उजव्या. एवढी वर्षं क्लासला गेले, दोन्ही पायांत बांधून परीक्षा दिल्या, पण त्या दिवशी आतून घाबरले होते आणि हात घरच्या सवयीवर गेले. ‘सॉरी, विसरले’ म्हटलं असतं तर मिटलं असतं. पण तोंडातून निघून गेलं, ‘मॅडम, आमच्यात एकाच पायात असतात.’ आमच्यात म्हणजे कुठे, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, कोकणातल्या जाखडी नाचात. माझे बाबा जाखडीचे शाहीर आहेत. ‘होते’ नाही म्हटलं, ‘आहेत’ म्हटलं. मॅडमनी गाणं बंद करायला लावलं आणि म्हणाल्या, मग तसंच नाचून दाखव. ढोलकी नाही, काही नाही. मी तोंडानेच ठेका धरला आणि फिरले. थांबले तेव्हा कोणी हसत नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

हे तुला कोणी शिकवलं, असं मॅडम मला तालमीत सारखं विचारतात. मी म्हणते, कोणी नाही, मी चोरून बघितलं. सानपाड्याच्या आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर दर रविवारी बाबांच्या जाखडी मंडळाची तालीम असायची. मध्ये बाबा गायचे, ज्योतिबाकाका ढोलकीवर, आणि भोवती आठ गडी उजव्या पायात घुंगरू बांधून गोल फिरायचे. मुलींना तिथे काम नव्हतं. मी पाण्याच्या टाकीमागे उभी राहून तेच पाय टाकायची, सहा वर्षांची असल्यापासून. ज्योतिबाकाकांना माहीत होतं. ढोलकी वाजवता वाजवता ते माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावायचे. बाबांना माहीत नव्हतं, कारण बाबा गाताना डोळे मिटतात. तुर्भ्याच्या कंपनीत आठवडाभर मशीनसमोर उभा राहिलेला तो माणूस गच्चीवर डोळे मिटून गायला लागला की वेगळाच कोणी वाटायचा. मला नाचायचं वेड लागलं ते सिनेमा बघून नाही, तर बाबांमुळे. हे मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही.

आता त्या दिवसाचं लिहिते. वाचणाऱ्याला घसा खाकरायचा असेल तर खाकरू दे, तू फक्त ऐक. मंडळाच्या पूजेची बारी होती. रात्री लाऊडस्पीकर चालत नाही म्हणून दुपारी चारला ठेवलेली. सामन्याला पनवेलची पार्टी. आणि आपला आठवा गडी, अभय, कंपनीत डबल ड्युटी लागली म्हणून आलाच नाही. सात जणांचा गोल कसा करणार, आणि बाबांना हे सांगायची कोणाची छाती होईना. तेव्हा ज्योतिबाकाका मला म्हणाले, ‘चल गो, धोतार नेस. मान खाली ठेव, बाकीचा मी बगतो.’ फेटाही त्यांनीच बांधला. गण झाला, गवळण झाली. मी जन्मात तशी नाचले नव्हते. गवळण संपली आणि बाबांनी डोळे उघडून माईकवर विचारलं, ‘मंडळी, आठव्या गड्याचा पाय ऐकलात का? असा पाय माझ्या मंडळात दहा वर्षांत पडला नाही. कोणाचा रे तू?’ काकांनी बजावलं होतं, मान खाली. मी मान वर केली. वर हसलेसुद्धा.

पुढचं तू समोर बसून बघितलंस. बारीत समोरच्याला टोमणा मारायचा आणि त्याने आपली पाळी आली की गाण्यातूनच उत्तर द्यायचं, हा रिवाजच आहे. पनवेलच्या शाहीरबुवांना आयतं मिळालं. ‘गडी संपले बुवांच्या दारी, लेक नाचवून मारतात बारी.’ शिट्ट्या वाजल्या, लोक खुर्च्यांवर उभे राहून मला शोधायला लागले. आपली पाळी आली. बाबांनी माईक ज्योतिबाकाकांच्या मांडीवर ठेवला आणि ते स्टेजवरून उतरून निघून गेले. तीस वर्षांत एकही टोमणा त्यांनी उत्तराशिवाय सोडला नव्हता. काकांची ढोलकी मिनिटभर एकटीच वाजत राहिली. त्यानंतर बाबा गायले नाहीत. सहा महिन्यांनी निवृत्त झाले आणि तुला घेऊन गावी गेले. जाताना मला घराच्या किल्ल्या दिल्या, त्याही टेबलावर ठेवून. भाड्याचं ते घर मी पुढे सोडलं, एकटीला ते फार मोठं वाटायचं.

चार वर्षं मी स्वतःला सांगत आले की माझं काहीच चुकलं नाही. अर्धं अजूनही म्हणते. नाचले त्याची मी माफी मागणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही. मंडळाला आठवा गडी हवा होता आणि मी तो चोख झाले. आता तर कितीतरी बायका स्वतः बारी गातात, आणि लोक लांबून ऐकायला येतात. पण मान वर केली ती चूक माझी. बाबांनी विचारलं म्हणून मी वर बघितलं नाही. ते कौतुक मला सगळ्यांच्या देखत, माझ्या तोंडावर हवं होतं. घरी येऊन चहा पिता पिता सांगता आलं असतं की बाबा, तो आठवा गडी मी होते. ते चिडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला गच्चीवर नेलं असतं. मला तेवढा धीर धरवला नाही, मला टाळी हवी होती. त्या हावरटपणाची मला लाज वाटते. माझ्या एका टाळीसाठी बाबांचं गाणं गेलं, आणि त्याबद्दल मी माफी मागते.

आणखी एक गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही, रंजितालाही नाही. ऑडिशनचा नकार आला, की मी बाबांचं ते माईकवरचं वाक्य मनात म्हणते. आपल्या लेकीचं कौतुक कोणताही बाप करतो. पण बाबा ते बोलले तेव्हा त्यांना ती कोणाची लेक हे माहीत नव्हतं, मुलगी आहे हेही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त पाय ऐकला होता. म्हणून माझ्याबद्दल आजवर जे जे कोणी बोललं, त्यात मी सगळ्यात जास्त विश्वास त्या वाक्यावर ठेवते. नाटकाच्या शेवटी मी एकाच पायात घुंगरू बांधून नाचते, मॅडमनी ते तसंच ठेवलं आहे. तो पाय ओळखणारा माणूस त्या अख्ख्या नाट्यगृहात एकच असू शकतो, आणि तो नसला तर बाकीच्यांना ते नुसतंच छान वाटेल.

बाबा, आता तुमच्याशी. आईला अक्षरओळख नाही, शेजारचं दार शिमग्यापर्यंत बंद आहे, आणि त्या घरात चष्मा लावून वाचणारे तुम्हीच एकटे आहात. आई माझ्या फोनसाठी विहिरीवर निघाली की तुम्ही उठून परसात जाता. पण पत्र आलं की ते आईला वाचून दाखवावं लागतं, आणि वाचताना तुम्ही एक शब्दही गाळत नाही, तुमचा स्वभावच नाही तो. म्हणून पत्र लिहिलं. वरचं सगळं, माझी माफीसुद्धा, तुमच्याच आवाजात बोलून झालं आहे. पंचवीस तारखेला यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. खुर्ची भरली तरी आणि रिकामी राहिली तरी मी नाचणार आहे, आणि चांगलीच नाचणार आहे. पण आई म्हणते, चार वर्षांत तुम्ही एकदाही माझं नाव घेतलेलं नाही. ‘ती’ म्हणता, नाहीतर ‘तुझी मुलगी’. बाबा, पत्र सहीपर्यंत वाचायचं असतं. आई ऐकते आहे. शेवटची ओळ राहिली आहे, ती जरा मोठ्याने वाचा.

तुमचीच,
अक्षता शिवराम गोरिवले