लॅपटॉप पेरेसकडे जाईल, दिरांकडे नाही

मी, रोझबेला अजवांग, कै. ओबुरा यांची विधवा, निवृत्त शिक्षिका, वय वर्षे एकाहत्तर, राहणार सिंदो, व्हिक्टोरिया सरोवराचा किनारा, केनिया, हे मृत्युपत्र माझ्या घरी, माझ्या टेबलाशी बसून दिवसाउजेडी टाइप करीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले, त्यांचा तपशील ज्या त्या कलमात येईल.

मृत्युपत्राची अंमलबजावणी किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्राचे प्रमुख टोबियास ओकुमू यांनी करावी. ते सावकाश बोलतात, पण बोलले की फिरत नाहीत.

कलम एक. घर. माझे राहते घर व त्याखालची जागा माझी मुलगी लिलियन अपोंडी, नर्स, राहणार एल्डोरेट, हिला द्यावी. या घरावर माझे दीर ओगोला यांचा हक्क नाही. का नाही, ते लिहून ठेवते.

ओबुरा गेले त्या वर्षी छप्पर गळू लागले होते. आमच्याकडे नवरा मेलेल्या बाईने दिराचा किंवा कुळातल्या दुसऱ्या पुरुषाचा हात धरावा आणि मगच तिच्या घराच्या छपराला हात लागावा, अशी रीत. नाही तर चिरा लागतो, म्हणजे शाप, आणि माणूस वाळत वाळत मरतो. ओगोला दारात येऊन म्हणाले, "वहिनी, पाऊस थांबायचा नाही. मी आहे ना, तुम्ही नुसतं हो म्हणा."

मी म्हटले, "भावजी, मला पत्रा हवाय, नवरा नकोय."

कुळातला एकही माणूस शिडी धरायला तयार होईना. मग मी किसीच्या डोंगरातून मोगाका गवंड्याला बोलावले. तो दुसऱ्या जमातीचा, आमचा शाप त्याच्या भाषेत नाही. त्याने पत्रे ठोकले, मी खालून खिळे दिले. तोपर्यंतचा सगळा पावसाळा लॅपटॉप उघड्या छत्रीखाली आणि मी पातेल्यांच्या मधे, अशा आम्ही दोघी राहिलो. (लॅपटॉपला मी बाईच समजते.) मी वाळले नाही. उलट लिलियन मला तेल कमी खा म्हणून फोन करते.

कलम दोन. शिवणयंत्र, सायकल, मोठी गादी आणि ओबुरांचा कोट मी कोणालाही देऊ शकत नाही, कारण त्या वस्तू मयताच्या दुसऱ्याच दिवशी ओगोला घेऊन गेले. त्या त्यांनाच लखलाभ. कोट त्यांना खांद्यात घट्ट होतो, हे सारा बाजार पाहतो.

कोंबड्या लिलियनने विकाव्यात. एकही कोंबडी घरात येऊ देऊ नये, विशेषतः चार्जरच्या बाजूला.

कलम तीन. लॅपटॉप. निवृत्तीच्या दिवशी शाळेने मला भिंतीवरचे घड्याळ दिले. मी दुसऱ्याच आठवड्यात किसुमूला जाऊन हा लॅपटॉप घेतला. बायका म्हणाल्या, या वयात बोटं कशाला दुखवतेस. त्यावर मी रेडिओसाठी नाटक लिहायला घेतले. दर शुक्रवारी दुपारी एक भाग. नाटकातली अबुटो विधवा आहे आणि आपल्या घरातून हलत नाही, एवढीच गोष्ट. पण मासे वाळत घालणाऱ्या बायका हातातले काम टाकून ती ऐकू लागल्या.

हा लॅपटॉप, चार्जर, पिशवी व आतला सर्व मजकूर यांसह, माझी धाकटी जाऊ पेरेस, म्हणजे ओगोला यांची बायको, हिला द्यावा. लिलियनला यात अन्याय वाटणार नाही. ती मला "आई, हे डबडं टाकून दे, नवा घेऊन देते" असे सांगून थकली आहे.

पेरेसच का, ते सांगते.

नाटकात अबुटोचा दीर भावाच्या मयतानंतर शिवणयंत्र उचलून नेतो, तो भाग झाला आणि ओगोला कुळातल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन माझ्याकडे आले. मागोमाग पेरेस साखरेची पुडी घेऊन आली. मी सगळ्यांना दुधाचा चहा दिला. लॅपटॉप टेबलावर उघडा होता, चार्जिंगला लावलेला.

ओगोला म्हणाले, "वहिनी, तो दीर कोण?"

"नाटकातला आहे."

"बाजारात लोक मला त्याच्या नावाने हाक मारतात."

"मग ओ देऊ नका."

एका वडीलधाऱ्याला ठसका लागला. ओगोला म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी त्याला सुधरवा. नाही तर मारून टाका. पण इज्जतीने मारा."

"मारणार नाही, भावजी. त्याच्याकडून अजून बरंच काम करून घ्यायचंय."

ते उठले. चहाने भरलेला मग त्यांनी माझ्या लॅपटॉपवर सावकाश, झाडाला पाणी घालावे तसा, ओतला. वर म्हणाले, "आता करून घ्या काम."

मी ओरडले, "पेरेस, वायर!"

पेरेसने आधी भिंतीतले बटण बंद केले, मग वायर ओढली. ओगोला म्हणाले, "पेरेस, हात लावू नकोस."

ती म्हणाली, "लावला."

तिच्या लग्नाला इतकी वर्षे झाली होती. नवऱ्याला तिने दिलेले ते पहिले उलट उत्तर असावे. मी पडदा काळा होईपर्यंत बटण दाबून धरले आणि खालची बॅटरी काढली. पेरेसने कमरेला गुंडाळलेले लेसोचे कापड सोडून टेबलावर पसरले. त्यावर आम्ही लॅपटॉप तंबूसारखा पालथा उभा केला. चहा ठिबकत राहिला. वडीलधारे कधी गेले ते कळलेही नाही. पेरेस त्या दिवशी घरी गेली तेव्हा तिचा गाल सुजेल हे मला माहीत होते, आणि तो सुजला. हेही इथे लिहून ठेवते.

पुढे सगळे गाव वैद्य झाले. कोणी म्हणे उन्हात ठेवा, कोणी म्हणे तांदळात पुरा, कोणी म्हणे एकदा चालू करून तर बघा. चालू करून बघण्याचा मोह सगळ्यात वाईट. आत ओल असताना वीज सोडली की संपले. मी तो सावलीत, पंख्यासमोर तसाच राहू दिला, आणि मग होमा बे शहरात साल्मा रजब या दुरुस्ती करणाऱ्या बाईंकडे नेला. त्यांनी स्क्रू काढले, चिकटलेली साखर स्पिरिटने पुसली आणि म्हणाल्या, "जगेल. पण एक अक्षर गेलं."

गेलेले अक्षर ओ होते. आमच्या पुरुषांची नावे बहुतेक ओ-ने सुरू होतात, बायकांची अ-ने. बाकी शब्दांसाठी मी ते अक्षर जुन्या मजकुरातून उचलून चिकटवत असे. पुरुषांच्या नावांसाठी तेवढी मेहनत घ्यावीशी वाटली नाही. त्यामुळे नवा कीबोर्ड येईपर्यंत नाटकात फक्त बायका होत्या. दीर सरोवरापलीकडे पळून गेला, अशी लोकांनी आपापली समजूत करून घेतली. त्याबद्दलही ओगोला यांनी तक्रार केली.

त्यानंतर पेरेस रोज दुपारी येऊ लागली. आधी नुसती बघायची. मग टाइप करू लागली. दोन बोटांनी करते, मीही दोनच बोटांनी करते. आता अबुटोचा आवाज रेडिओवर तीच देते.

कलम चार. हा लॅपटॉप पेरेसचा एकटीचा राहील. तिच्या नवऱ्याचा, मुलांचा किंवा कुळाचा नाही. तो ओगोला यांच्या घरी न्यायचा नाही. तो माझ्या टेबलावर, याच खोलीत राहील. लिलियनला घर मिळेल ते याच अटीवर, की या खोलीची किल्ली पेरेसकडे असेल. लिलियनशी बोलणे झाले आहे. ती म्हणाली, "काकी तिथं असली तर मला घराची काळजीच नाही."

पेरेसला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "जाऊबाई, नको. घरी भांडण होईल."

"घरी नेऊच नकोस."

"आणि लिहू काय? तुमच्यासारखं मला येत नाही."

"माझ्यासारखं लिहायला मी होतेच की."

तिने माझी खुर्ची ओढली आणि बसून पाहिले. मग तिने विचारले, "या खुर्चीवर उशी ठेवली तर चालेल?"

कलम पाच. निगा. पेरेसला हे सगळे येते. तरी लिहिते, म्हणजे तिला कोणी शहाणपण शिकवू लागला तर हा कागद दाखवता येईल.

सरोवरावरून चिलटांचे ढग आले की खिडकी लाव, लॅपटॉपचा पडदा मिटव. ती उजेडावर येतात आणि बटणांखाली मरतात. मेलेली मऊ ब्रशने काढ, तोंडाने फुंकू नकोस, थुंकी आत जाते. लॅपटॉप पलंगावर, गादीवर ठेवू नकोस. त्याला खालून श्वास लागतो. उचलताना दोन्ही हातांनी खालून उचल, पडद्याला धरून कधीच नाही. गडगडू लागले की वायर भिंतीतून काढ, मग वाक्य अर्धे राहिले तरी चालेल. वीज जाऊन परत येते तेव्हा पहिला झटका मोठा असतो, म्हणून थोडे थांबूनच लाव. वायर मुठीभोवती आवळून गुंडाळू नकोस. शुक्रवारचा भाग झाला की त्याची प्रत रेडिओ केंद्राच्या कपाटात ठेव, कारण यंत्र आज ना उद्या मरतेच आणि त्याचे कोणी वाईट वाटून घेऊ नये. ज्या टेबलावर लॅपटॉप, त्या टेबलावर कप नाही. हा नियम पाद्रीबाबांनाही लागू आहे.

पासवर्ड पेरेसला तोंडी सांगितला आहे. कुठे लिहिलेला नाही. गादी फाडून शोधू नये.

कलम सहा. नाटक. अबुटोची गोष्ट मी संपवलेली नाही. पुढे काय करायचे ते पेरेस ठरवील. तिला अबुटोचे दुसरे लग्न लावायचे असेल तर लावावे. मला आवडणार नाही, पण मी तेव्हा विचारण्याच्या पलीकडे असेन. दिराला माफ करायचे की नाही हेही तिचे तिने बघावे. तिचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा आहे.

कलम सात. मला माझ्या घराच्या अंगणात पुरावे. मी कोणाचा हात धरला नाही, म्हणजे कुळातल्या कोणा पुरुषाने माझे घर "पुरे" केले नाही म्हणून मला कुंपणाबाहेर न्यावे, असे कोणी सुचवल्यास मोगाकाला बोलवावे. त्याला खणताही येते.

कलम आठ. ओगोला या मृत्युपत्राला हरकत घेतील. म्हणतील, म्हातारी भ्रमिष्ट होती, नाटक आणि खरे यांतला फरक तिला कळत नव्हता. सबब, हे मृत्युपत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मी माझ्या आवाजात रेडिओ केंद्रावर वाचून ठेवले आहे. मी गेल्यावर येणाऱ्या पहिल्या शुक्रवारी, माशांचे भाव सांगून झाले की, नाटकाच्या वेळेला ते लावावे. टोबियास यांनी मला विचारले, "बाई, तुमच्या दिरांचं नाव गाळू का?" मी म्हटले, "गाळू नका. आता ओ चालतो."

तेव्हा ज्याला हरकत घ्यायची असेल त्याने ती शनिवारी सकाळी, मासे उतरवताना, धक्क्यावर उभे राहून सगळ्या बायकांसमोर घ्यावी.

हे मृत्युपत्र मी वाचले, मला ते पसंत आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही केली. त्या दोघांनीही माझ्या देखत आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

सही : रोझबेला अजवांग

साक्षीदार :
१. साल्मा रजब, दुरुस्ती दुकान, होमा बे
२. जोसाया मोगाका, गवंडी, राहणार किसी

ठिकाण : सिंदो
दिनांक : १४ मार्च २०२४