निळ्या रेघेच्या आत

पप्पा, काल मी मस्कतजवळ माबेलातल्या आमच्या घरामागे निशाणाचं पहिलं पोतं भरलं. तुम्ही भरायचात तसंच. तांदळाचं रिकामं पोतं, आत नव्या फर्निचरला गुंडाळून येतं ते पातळ प्लास्टिक, गुडघा टेकवून दाबून दाबून, आणि तोंडाशी जुने टॉवेल. दाभण सापडलं नाही म्हणून मी तारेने शिवलं, ते तुम्हाला आवडलं नसतं. मम्मी धुण्याची बादली घेऊन दारात उभी होती. माझं आटपेपर्यंत ती तिथेच थांबली. मग म्हणाली, "आता कपडे कुठं वाळत घालू? डोक्यावर?" आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की तिला बादली खाली ठेवावी लागली. हेच वाक्य, याच सुरात, तिने इब्रात तुम्हाला ऐकवलं होतं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षं झाली, आणि तुमच्या मालकांचं, अर्बाबांचं, धनुष्य गेल्या महिन्यापासून माझ्या कपाटात आहे. त्यांचा खांदा गेला. ड्रायव्हरबरोबर पाठवून दिलं आणि फोनवर म्हणाले, "बिंती, तुम रखो. तुमको मालूम है कैसे करना." मुलीला बिंती म्हणतात ते, अजूनही. मला ठाऊक आहे कसं करायचं, हे मात्र खरं आहे. तुम्हीच शिकवलंत.

इब्रातलं आपलं घर म्हणजे अर्बाबांच्या खजुराच्या बागेच्या टोकाला दोन खोल्या. तुम्ही त्यांच्या सुतारकामाच्या वर्कशॉपचे फोरमन. भारतीय शाळा मस्कतला, दोन तासांवर, म्हणून माझी शाळा स्वयंपाकघरात भरायची. सकाळी मम्मीकडे वाचन-लेखन, संध्याकाळी तुमच्याकडे गणित. अर्बाबांच्या चुलतभावाचं आफ्रिकेत शिकारीचं रान होतं. त्याने हे धनुष्य पाठवलं, दोन टोकांना चाकं असलेलं, आणि उन्हाळ्यात शिकारीला ये म्हणून निरोप. अर्बाबांच्या स्वतःच्या अंगणात सतत बायका-मुलांचा राबता, तिथे बाण मारणं शक्य नव्हतं. एका शुक्रवारी ते आपल्या घरामागे आले, बागेच्या जुन्या मातीच्या भिंतीपर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "इदर बनाओ." मम्मीच्या कपड्यांच्या दोरीचा निकाल तिथेच लागला.

त्या आठवड्यात तुम्ही मला पाटीवर एकही गणित घातलं नाही. जमिनीत काठी रोवलीत आणि तिच्या सावलीवर तासातासाने खडे ठेवायला सांगितलंत. दुसऱ्या दिवशी विचारलंत, "अर्बाब संध्याकाळी येणार. ऊन डोळ्यांत जायला नको, तर निशाण कुठं?" मी पूर्वेकडे बोट दाखवलं. तुम्ही "शाबास" म्हणाला नाहीत, सरळ कुदळ उचललीत आणि मी दाखवलं तिथेच पहिला खड्डा घेतलात. पप्पा, इतका आनंद मला नंतर कुठल्याही गुणपत्रिकेने दिला नाही. मी बोट दाखवलं आणि एका मोठ्या माणसाने तिथे खणायला घेतलं!

पहिलं निशाण लसूणघासाच्या गठ्ठ्यांचं केलं. अर्बाब म्हणाले होते की परदेशात गवताचेच गठ्ठे लावतात. सकाळी उठून बघतो तर शेजारच्या चार शेळ्या आपलं निशाण निम्मं खाऊन उरलेल्यावर बसलेल्या. मम्मी खिडकीतून म्हणाली, "बघा, नेम कुणाचा चांगला ते!" मग वाळूची पोती लावलीत, त्यात दोन बाण वाकले. तेव्हा कुठे वर्कशॉपमधलं ते पॅकिंगचं प्लास्टिक तुमच्या डोक्यात आलं. मागे जुने गालिचे सैल टांगले, चुकलेला बाण त्यांत अडकून खाली पडावा म्हणून, आणि त्यांच्यामागे भिंत. मी टेपने दहा, वीस, तीस मीटर मोजून चुन्याने रंगवलेले दगड ठेवले. पहिल्याच दिवशी अर्बाबांचे बाण एकामागून एक खाली. दिवसभर मी रडवेली. चूक माझी असणार, याची मला तेव्हाही आधीपासूनच खात्री असायची. तुम्ही धनुष्याबरोबर आलेला कागद मम्मीला वाचायला दिलात. ती म्हणाली, "अहो, हे सगळं वारात आहे. ब्लाउजच्या कापडासारखं." त्या संध्याकाळी तुम्ही आणि मी दगड उचलून पुढे सरकवत होतो आणि तुम्ही हसत होतात, "आफ्रिकेतलं हरीण वाचलं असतं बाय, तुझ्या मीटरमुळे."

नियम तुम्ही घालून दिलेत. बाण सोडणाऱ्याच्या मागे सगळे. "यल्ला" म्हटल्याशिवाय बाण नाही, "खलास" म्हटल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही, अर्बाबसुद्धा नाहीत. हे दोन्ही शब्द म्हणायचं काम माझं. पहिल्या दिवशी माझा आवाजच फुटेना. तुम्ही म्हणालात, "एवढ्या हळू बोललीस तर बाण ऐकणार नाही." निशाणावर लावायला कागदी थाळ्या हव्या होत्या. त्या तुम्ही मम्मीच्या कपाटातून आणल्यात, चर्चमधल्या माझ्या पहिल्या कम्युनियनच्या पार्टीसाठी जपून ठेवलेल्या. पांढरी थाळी, कडेला निळी रेघ. रेघेच्या आत म्हणजे आत. पाच बाण होते, म्हणून दहासाठी दोन फेऱ्या. खलास झालं की आधी मी एकटीने जायचं, कुणाच्या तोंडाकडे न बघता वहीत बरोबर की फुली ते लिहायचं, आणि मगच बाण उपटायचा. मी विचारलं, "आणि रेघेवर असला तर?" तुम्ही पाना खाली ठेवलात आणि बराच विचार केलात. "शंका आली तर बाहेर धरायचं. जनावर जखमी होऊन रानात मरतं, त्यापेक्षा आपण घरी बसलेलं बरं." एकदा मी वहीत खोडरबर वापरलं. तुम्ही ओरडला नाहीत, पण वही माझ्यासमोर धरून म्हणालात, "इथं खोडलंय. म्हणजे या पानावर आता कुणी विश्वास ठेवायचा नाही." दुसऱ्या दिवशी सूकमधून, बाजारातून, माझ्यासाठी निळं बॉलपेन आणलंत. माझ्या आयुष्यातलं पहिलं पेन. तेव्हापासून मी शिसपेन्सिलीने काही लिहीत नाही. अल् खुवैरच्या ऑफिसात बांधकामाच्या मालाचे नमुने पास-नापास करायचं माझं काम, तिथे मला मागून किती कडक म्हणतात ते मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

डिसेंबरपर्यंत अर्बाबांचा हात बसला. तुम्ही घराच्या भिंतीशेजारी मचाण बांधलंत, वरून खाली बाण मारायची सवय व्हावी म्हणून, आणि रोज संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन त्याच्या पायरीवर बसायचात. एकदा अर्बाब वरूनच म्हणाले, "तुम भी चलो आफ्रिका. मेरे साथ. एक महिना." तुमच्या हातातला चहा सांडला. वसईबाहेर तुम्ही हा एकच देश पाहिला होता, तोही कामासाठी. दुसऱ्या दिवशी तुम्ही सूकमधून रुंद काठाची टोपी आणलीत आणि जेवतानासुद्धा घातलीत. "जिराफ खरंच एवढा उंच असतो का गं? आपल्या खजुराएवढा?" मम्मी म्हणायची, "विचारून या त्यालाच." पण अर्बाबांनी स्वतःला अट घातली होती. निघण्याआधी सलग तीन संध्याकाळी, तीस वारांवरून, दहापैकी दहा थाळीत. नाही जमलं, तर या वर्षी जाणं नाही. आणि जमलं की नाही, हे ठरवणार वही.

म्हणजे मी. तुम्ही महिनाभर नसाल ही कल्पना मला सहन होत नव्हती, आणि हे मी कुणालाही सांगितलं नाही. तुम्ही इतके खूश होतात. मी टोपीकडे बघायचे आणि मला आफ्रिका आठवायची. तिथे सिंह असतात, हे मम्मीनेच मला ज्या पुस्तकातून वाचायला शिकवलं त्यात लिहिलं होतं.

मे महिन्यात परीक्षा झाली. पहिल्या संध्याकाळी दहा. दुसऱ्या संध्याकाळी दहा. तिसऱ्या संध्याकाळी पहिली फेरी पाच, दुसऱ्या फेरीत चार, आणि शेवटचा बाण सुटतो तेव्हा गालिच्यांवर पिवळं ऊन आहे, शेळ्या भिंतीपलीकडे ओरडतायत, मम्मी कणकेच्या हातांनी दारात उभी आहे. मी "खलास" म्हणते आणि चालू लागते. तीस वार फार लांब असतात, पप्पा. परत येते आणि वही तुमच्या हातात देते. शेवटच्या ओळीत फुली. तुम्ही दोघं पुढे जाऊन थाळी बघता. भोक निळ्या रेघेला जाऊन मिळालेलं. अर्बाब कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि मग इतक्या मोठ्याने हसतात की कबुतरं उडतात. "खलास! बिंती बोला बाहर, तो बाहर!" तुम्ही टोपी काढता आणि माझ्या डोक्यावर ठेवता. ती माझ्या नाकापर्यंत येते.

त्या उन्हाळ्यात तुम्ही मला धनुष्य शिकवलंत, कामठीचं, माझ्या हाताएवढं. दोरी कानापर्यंत ओढली की जगातली सगळी काळजी बोटांच्या टोकांत येऊन बसते आणि बोटं सोडली की निघून जाते, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या वर्षी तीसपैकी तीस झाले, मी प्रत्येक बाण बोट लावून तपासला, आणि तुम्ही आफ्रिकेला गेलात. परत आलात ते माझ्यासाठी साळिंदराचा काटा घेऊन. अर्बाबांनी एकही बाण सोडला नव्हता. एकदा हरीण अगदी टप्प्यात आलं होतं, पण मध्ये एक फांदी होती, आणि ते धनुष्य खाली करून म्हणाले होते, "शक है. बिंती लिखेगी बाहर." ही गोष्ट तुम्ही प्रत्येक नाताळात, प्रत्येक पाहुण्याला सांगितलीत. "माझी पोर अर्बाबालाही सोडत नाही." मी दरवेळी उठून पाणी आणायला जायचे. तुम्हाला वाटायचं, लाजते.

त्या पहिल्या परीक्षेनंतरच्याच आठवड्यात मस्कतला माझं पहिलं कन्फेशन होतं. फादरांना मी एकवीस पापं सांगितली, यादी करून नेली होती. साखर खाल्ली, मम्मीला मनात उलट बोलले, शेळीला दगड मारला पण लागला नाही. बाविसावं सांगितलं नाही.

हे मी त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय, पेनने. ही पानं कुठे पाठवायची नाहीत. उद्या पहाटे टेप घेऊन तीस वारांचा दगड ठेवायचा आहे, आणि त्याआधी ही वही एकदा तरी खरी व्हायला हवी, म्हणून. परीक्षेच्या त्या तिसऱ्या संध्याकाळी, सगळं आवरताना, तुम्ही पोत्याला ताडपत्री बांधत होतात आणि माझ्याकडे न बघता एवढंच म्हणालात, "आधी लिहायचं बाय, मग बाण उपटायचा." पुन्हा तो विषय कधीच काढला नाहीत. तुम्ही काय पाहिलं होतं, हे मी विचारलं नाही. बाण आणि निळी रेघ यांच्यामध्ये काडेपेटीच्या काडीएवढं पांढरं होतं. मी बाण पिरगाळून ओढला, कागद फाटला, मग लिहिलं. मला शंका आली नव्हती, पप्पा.