मोठ्या चौकातला बाक

सिबियू, फेब्रुवारी

प्रिय उवे,

काल मोठ्या चौकात जाऊन आले. बाबांना पुरल्यानंतर पहिल्यांदाच. तिथे गेल्यावर काहीतरी वाटेल म्हणून गेले होते, पण काही वाटलं नाही. त्यांच्या बाकावर अर्धा तास बसले, बूड गार पडलं, उठले. घरी येऊन आदल्या दिवशीची मामालिगा, मक्याच्या पिठाची, गरम करून खाल्ली. हल्ली असंच चाललंय. भूक लागते, झोप येते, रडू तेवढं येत नाही. शेजारची व्हिओरिका म्हणते, "हेर्टाताई, एकदा मोकळं रडून घ्या हो." मी म्हटलं, "तूच रड बाई माझ्या वाटचं, तुला छान जमतं." तर ती खरंच रडली.

शेवटी शेवटी बाबा त्या बाकावर जात नव्हते. का, ते तुला कुणी सांगितलेलं नाही. मीच सांगायला हवं.

नव्वद साली तू रेनाटेशी लग्न करून तिच्यासोबत जर्मनीला गेलास आणि बाबांनी तुझं नाव टाकलं. आपली अख्खी जर्मन गल्ली तुमच्या मागोमाग रिकामी झाली, पण ते काही हलले नाहीत. "माझ्या पन्हळी इथे आहेत," एवढंच म्हणायचे. चौकातल्या निम्म्या घरांच्या पन्हळी त्यांनी ठोकलेल्या, तुला ठाऊकच आहे. म्हातारपणी रोज न्याहारी झाली की टोपी चढवायची आणि बाकावर जाऊन बसायचं. प्रवासी छपरांतल्या डोळ्यांसारख्या खिडक्यांचे फोटो काढायला लागले की हे काठी वर करून ओरडायचे, "अहो, खिडक्या कसल्या बघताय, पन्हळ बघा! भिंतीवर एक थेंब दाखवा मला!" लोक हसायचे आणि त्यांचाही फोटो काढायचे. मला लाज वाटायची.

ऑगस्टमध्ये एका दुपारी ते लवकर घरी आले. टोपी हातात होती. म्हणाले, "उवे आलाय. बसमधून जर्मन लोकांचा घोळका उतरला, त्यात होता. टक्कल पडलंय माझ्यासारखं. आईस्क्रीम खात होता." मी विचारलं, मग हाक का नाही मारलीत? म्हणाले, "तो मारेल म्हणून बसून राहिलो."

त्या संध्याकाळी मी दोन ताटं जास्तीची मांडली. कुणी आलं नाही. मग मी ठरवलं, एकोणनव्वद वर्षांचं माणूस, भ्रम झाला असेल. डॉक्टरही म्हणाले, या वयात होतं असं, लक्ष ठेवा.

त्यानंतर ते उजाडायच्या आत निघायला लागले. पावसातसुद्धा. "पोरगा परत आला आणि मी बाकावर नसलो तर?" दोनदा पोलिसांनी त्यांना भिजलेलं घरी आणून सोडलं. तेव्हा मात्र मी घाबरले. दाराला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या खिशात ठेवली. ते टोपी घालून दाराशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "हेर्टा, दार." मी म्हणायचे, "बाबा, उवे न्युरेंबर्गला आहे, असं वेड्यासारखं करू नका." पुढे पुढे ‘दार’ एवढंही म्हणेनासे झाले. नुसते उभे राहायचे. नोव्हेंबरात छातीत कफ भरला आणि चार दिवसांत गेले. व्हिओरिकाच्या घरच्यांनी खांदा दिला. आपल्यातलं कुणी उरलंय कुठे?

मी कळवलं तेव्हा तू फोनवर आला नाहीस. रेनाटे म्हणाली, त्याला बोलवत नाहीये. मग ती माझं सांत्वन करत राहिली आणि बोलता बोलता म्हणून गेली, "असे कसे गं गेले? ऑगस्टमध्ये तर चौकात किती ताठ बसले होते!" मग घाईघाईने तिने विचारलं, तिकडे थंडी पडली का? मी म्हटलं, पडली.

तीन महिने झाले त्याला. तुझा राग यावा म्हणून वाट पाहिली, तोही येत नाही. तू का आलास, का हाक न मारता परत बसमध्ये चढलास, हे विचारायला मी लिहीत नाहीये. या आठवड्यात आपल्या शेजारमंडळाचा समेटाचा दिवस असायचा. वर्षभरात ज्याने ज्याचं वाईट केलं असेल, त्याने ते सगळ्यांसमोर तोंडाने बोलायचं आणि मगच जेवायला बसायचं. लहानपणी आपण भुकेने कळवळायचो आणि मोठ्यांचं बोलणं संपायचं नाही. आता मंडळात मी धरून तीन माणसं आहेत, त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही. म्हणून तुझ्यासमोर बोलते. बाबा खरं सांगत होते आणि मी त्यांना अकरा आठवडे कोंडून ठेवलं. माझं बोलून झालं. आता तू बोल.

तुझीच,
हेर्टाताई