आईच्या नावापुढचं साल

प्रिय धाकट्या,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसशील. हस बापडा. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे मला शेवटपर्यंत सांगायचंय. एवढंच कर, पूर्ण वाचल्याशिवाय बाबांना फोन लावू नकोस.

तुझ्या वंशवृक्षाच्या खुळाची मी केवढी थट्टा केली! लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, सुट्टी मिळाली की जुन्या वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांत डोकं खुपसून बसतो. पण पणजोबा जहाजाच्या प्रवासी यादीत सापडले, आजोबा शाळेच्या स्कॅन केलेल्या पटात, तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. घोडं अडलं ते आईपाशी. तिचा जन्म सापडला, लग्न सापडलं. मृत्यूच्या नोंदी मात्र तू सगळीकडे पालथ्या घातल्यास तरी हाती काही नाही. स्कॅन करणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडलीस आणि शेवटी बाबांनी सांगितलेलं साल टाकून मोकळा झालास. तू वंशवृक्ष मांडतोस ती साइट जिवंत माणसांची पानं लपवते आणि वारलेल्यांची जगाला दाखवते, हे तूच मला शिकवलंस. साल टाकल्याबरोबर आईचं पान फोटोसकट सगळ्यांना दिसायला लागलं.

तुझ्या आळसामुळे साइटचे निरोप माझ्या मेलवर येतात. मंगळवारी दुकानात चष्म्याचं भिंग घासत होते, तेव्हा एक आला. या पानावरचं साल चुकीचं आहे, कृपया काढा. तुझ्यासारखाच कुणी हौशी असेल म्हणून मी जरा उर्मटपणेच पुरावा मागितला. उत्तर आलं की फोटोच्या कडेला कॉलर धरलेली इवलीशी मूठ दिसते ती मुलीची नाही, मुलाची. तो कॉलर सोडतच नव्हता, म्हणून फोटो तसाच काढला. आपण दोघंही ती मूठ माझी समजत होतो. माझ्या हातून भिंग निसटून फुटलं.

त्या संध्याकाळी बाबांना मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, आईला स्मशानात नेलं तेव्हा मी कुठे होते? त्यांनी वर न बघता, झालं गेलं कशाला उकरतेस, म्हटलं आणि चष्मा पुसत बसले. काच स्वच्छच होती रे. एवढा राग आला की तिथून उठून गेले. तिच्यावरही राग आहे. ती लिहिते, भांडून बाहेर पडले ते माझ्या पायांनी. परत आले तेव्हा दाराला कुलूप होतं, आणि तुम्ही कुठे गेलात ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. आपण अचानक घर बदललं होतं, ते मला आठवतं. खरं किती, खोटं किती, मला कळत नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय.

रविवारी तू तो भलामोठा छापील वंशवृक्ष बाबांच्या भिंतीवर लावायला येणार आहेस, म्हणून हे पत्र. सरळ तिकडे जाऊ नकोस, आधी माझ्याकडे ये. ती येतेय. तू भेटायलाच हवंस असं ती म्हणत नाही. नको वाटलं तर मला कळव, मी तिला सांगेन. काल मी ते साल पुसलं. साइटने विचारलं, ही व्यक्ती हयात आहे का? मी हो म्हटलं. त्याबरोबर तिचं पान जगासाठी बंद झालं. आता ते फक्त तुला आणि मला दिसतं, आणि तुझी मूठ अजून तिच्या कॉलरवर आहे.

तुझीच, वाट बघणारी,
ताई